गाद्या, सॅक्सोफोन आणि काळी पाच: अंतराळावरचा लाउंज-जॅझ अल्बम घरच्या घरी कसा कराल

खानदेशातल्या पाचोऱ्यात बसून जॅझचा अल्बम करतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "ऑर्केस्ट्रा काढला का?" माझ्या पहिल्या अल्बमला चौदा महिने लागले. त्यातले निदान सहा महिने चुकीच्या गोष्टींत गेले: नको ती यंत्रं घेणं, चुकीच्या पट्टीत चाली बांधणं, हक्कांचे कागद शेवटी शोधणं. तुमचे तरी वाचावेत म्हणून हे क्रमाने लिहितोय. तुम्हाला पेटी किंवा कीबोर्ड थोडाफार वाजवता येतो आणि संगणकाची भीती नाही, एवढं मी धरून चालतो. जॅझ शिकलेले असायची गरज नाही.

१. आधी प्रवास ठरवा, चाली नंतर

"अंतराळ" एवढाच विषय घेतलात तर आठही चाली एकसारख्या होतील, सगळीकडे तेच झूं-झूं. माझं तसंच झालं होतं. म्हणून प्रत्येक चालीला एक ठरलेली जागा किंवा घटना द्या आणि तिच्यातून वाजवण्यासारखं काहीतरी उचला.

उदाहरण देतो. ४ ऑक्टोबर १९५७ला सुटलेला पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक-१ बीप-बीप करायचा. बीप साधारण ०.३ सेकंदाचा, मधली शांतता तेवढीच. म्हणजे मिनिटाला १०० बीप. झाली की लय तयार! ती बीप मी कुठेही ऐकवली नाही, फक्त ब्रशने वाजणारा ड्रम त्या लयीवर ठेवला.

आपल्या भागातही भरपूर आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, साल १२०७. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात ग्रहगणिताचे वर्ग भरायचे. मुक्ताईनगरच्या बाजूला माणेगावला १८४३ साली उल्का पडली. ती डायोजेनाइट जातीची, आणि या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहावरून आल्याचं मानलं जातं. माझी तिसरी चाल या दगडावर आहे. ती वरच्या सुरावर सुरू होऊन शेवटपर्यंत खालीच येत जाते.

सात-आठ चाली, एकूण ३५ ते ४० मिनिटं, एवढं पहिल्या वेळेस पुष्कळ. कागदावर क्रम लिहा: जमिनीवरून सुरुवात, मध्ये सगळ्यात लांबची जागा, शेवटी परत. लाउंज संगीत लोक काम करताना, गाडी चालवताना, जेवताना लावतात. त्यामुळे एका चालीतून दुसरीत जाताना दचकायला होता कामा नये.

२. सूर आणि लय: जॅझची पुस्तकं उघडण्याआधी थाट आठवा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि इथेच सगळ्यात जास्त सुटलो. जॅझवाले ज्याला लिडियन म्हणतात ते सप्तक म्हणजे आपला कल्याण थाट, सगळे शुद्ध आणि मध्यम तीव्र. डोरियन म्हणजे काफी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. नावं परकी, सूर ओळखीचे.

तरंगल्यासारखं वाटायला हवं असेल तर ही एकच गोष्ट करून बघा. डाव्या हाताने खाली सा धरून ठेवा. उजव्या हाताने सा-ग-प-नि एकत्र दाबा, आठ मात्रा थांबा. मग खालचा सा न सोडता वर रे-तीव्र म-ध दाबा, पुन्हा आठ मात्रा. आलटून पालटून पाच मिनिटं वाजवा. जमीन पायाखाली आहे, पण पाय टेकत नाहीत असं वाटेल. माझ्या अल्बमातल्या दोन चाली एवढ्याच भांडवलावर उभ्या आहेत.

अंधारा, जरा दमट मूड हवा तर काफी घ्या: सा-कोमल ग-प-कोमल नि, आणि त्यावरून म-ध-सा-कोमल ग. घरी परतल्याची भावना हवी असेल तिथे जॅझचं ठरलेलं वळण वापरा: रे-म-ध-सा, मग प-नि-रे-म, मग सा-ग-प-नि. हे तीन स्वरसंघ हाताखाली बसले की निम्मा लाउंज आला म्हणा.

लय मिनिटाला ७० ते १०० ठोक्यांत ठेवा. जॅझचा झोल हवा असेल तर एका मात्रेचे दोन भाग समान करू नका, पहिला लांब, दुसरा आखूड. दादऱ्याच्या ठेक्यात हात बसलेल्याला हे सांगावं लागत नाही, ऐकवलं की पुरे. संगणकावर ड्रम लावताना 'स्विंग' नावाचा आकडा असतो, तो जास्त वाढवलात तर लगेच टांगा चालल्यासारखं वाटतं.

एक खड्डा: अंतराळ म्हणून सुरुवातीला दीड मिनिट नुसता वारा आणि घुमारा ठेवायचा मोह होतो. ऑनलाइन सेवांवर साधारण ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकणं मोजलं जातं. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत एक तरी ओळखू येणारा सूर यायलाच हवा.

३. वादक शोधा, आणि तो लग्नाच्या बँडमध्ये शोधा

सॅक्सोफोनचा नकली आवाज कीबोर्डवरून काढू नका. तो लगेच पकडला जातो. पियानो, पॅड (मागे लांब धरलेले मऊ सूर), बेस संगणकातून चालतील, पण फुंकायचं वाद्य खरंच हवं. आणि खानदेशात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट फुंकणाऱ्यांचा तोटा नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी बँड आहे. तीस-तीस वर्षं वरातीत फुंकलेली ही माणसं कानाने अशी तयार असतात की चाल दोनदा गुणगुणली की तिसऱ्यांदा वाजते.

आमचे मास्तर टेनर सॅक्सोफोन वाजवतात. मी पहिल्यांदा घरी बोलावलं, हेडफोन दिला, ७२च्या लयीतली चाल लावली. दोन मिनिटं ऐकून त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "भाऊ, ह्या गानावर नाचाले कोन येई?" कोणीच नाचणार नाही हे पटवण्यात एक संध्याकाळ आणि दोन प्लेट शेवभाजी गेली.

त्यांची खरी अडचण आवाजाची होती. वरातीत ढोल-ताशाच्या वर जायची सवय. इथे मी उलट मागत होतो, फुंकर एवढी हळू की सुराआधी हवेचा आवाज यावा. सांगून जमलं नाही. शेवटी शेजारच्या खोलीत त्यांचा नातू झोपवला आणि म्हटलं, तो उठता कामा नये. त्या रात्रीचा पहिलाच टेक अल्बमात आहे.

आता पट्टी. नवखे इथेच अडकतात. टेनर सॅक्स, ट्रम्पेट आणि नेहमीचा क्लॅरिनेट बी-फ्लॅटचे असतात: वादक स्वतःचा पहिला सी वाजवतो तेव्हा तुमच्या पेटीवर काळी पाच वाजत असते. आल्टो सॅक्स ई-फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी दोन. मी पहिल्या चार चाली माझ्या सोयीने पांढरी तीनमध्ये बांधल्या होत्या. मास्तरांची बोटं त्या पट्टीत अडखळायची आणि मी त्यांनाच दोष देत होतो. सगळं काळी पाचमध्ये आणलं आणि दोन दिवसांत चार चाली झाल्या. म्हणून आधी वादक ठरवा, मग पट्टी.

यात एक मजा झाली. पर्सियस नावाच्या दीर्घिकासमूहात, आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर, एका कृष्णविवरामुळे वायूत दाबाच्या लाटा उठतात. २००३ साली नासाच्या चंद्रा नावाच्या अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्यांचा सूर काढला गेला: मधल्या सीच्या ५७ सप्तकं खालचा बी-फ्लॅट. एक आंदोलन पुरं व्हायला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. पण सूर तोच, काळी पाच. मास्तरांना हे सांगितलं तर ते पान लावता लावता म्हणाले, "मंग तठेबी बँडवालाच व्हई."

वेळ कोणती धरायची? लग्नसराईत बँडवाला सापडणार नाही, गणपती-नवरात्रातही नाही. पितृपंधरवडा धरा. त्या पंधरा दिवसांत बँडला काम नसतं आणि बिदागीही रास्त ठरते. बिदागी आधी ठरवा, अर्धी आधी द्या.

४. खोली: मंडपवाल्याच्या गाद्या

स्पंजचे काळे त्रिकोणी तुकडे ऑनलाइन मागवू नका. मी मागवले, भिंतीला डकवले, मे महिन्यात डिंक सुटून एकेक खाली आला. शिवाय पातळ स्पंज फक्त वरचा चरचरीत आवाज शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो.

आपण कापसाच्या मुलखात राहतो. जाड कापसाची गादी उभी करून भिंतीपासून चार बोटं सोडून टेकवली, तर ती स्पंजपेक्षा कितीतरी जास्त आवाज पिते. अशा सहा ते आठ लागतात: दोन वादकाच्या मागे, दोन बाजूंना, एक-दोन माइकच्या मागे, एखादी खाटेवर. मंडपवाल्याकडे ढीग असतो आणि पितृपंधरवड्यात तोही रिकामा असतो. मला चहापाण्यावर मिळाल्या. वापरण्याआधी एक दिवस उन्हात टाका, नाहीतर धुळीने वादक शिंकतो आणि ढेकूण तुमच्या घरी राहायला येतात.

तपासायला एक टाळी वाजवा. टाळीमागे पत्र्यासारखी झणझण आली तर अजून गादी हवी. टाळी "ठप" होऊन थांबली की पुरे.

पंखा, कूलर, फ्रिज बंद. पत्र्याचं छत असेल तर पावसाच्या रात्री विसरा. आणि तुमच्या गल्लीत नळ कोणत्या रात्री येतो ते पाहून ठेवा. आमच्याकडे पहाटे पाणी आलं की एकाच वेळी सगळ्या घरांच्या मोटारी सुरू होतात. भिंतीतून येणारी ती घरघर कोणत्याही गादीने थांबत नाही. पाचव्या चालीचा सगळ्यात सुंदर टेक माझा त्यात गेला.

५. साहित्याची यादी

– लॅपटॉप किंवा संगणक, ८ जीबी रॅम असेल तर ओढतो, १६ असेल तर सुखाने चालतो
– दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी), ४८ व्होल्ट फँटम पॉवर असलेला, कंडेन्सर माइक त्यावर चालतो
– एक कंडेन्सर माइक, स्टँड, एक्सएलआर केबल (केबल दोन घ्या, एक ऐनवेळी जाते)
– बंद प्रकारचा हेडफोन, म्हणजे त्यातला ठेका माइकमध्ये जात नाही
– ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकातले आवाज वाजवणारा
– सॉफ्टवेअर: रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगसाठी रीपर, ६० दिवस वापरून बघता येतं, त्यानंतर परवाना घ्यायचा. सिंथसाठी (कृत्रिम आवाज बनवायला) सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आहे
– वेगळी हार्ड डिस्क. रोज रात्री प्रत काढायची, आळस केला नाही पाहिजे

महागडा माइक पहिल्या अल्बमला नको. माझ्या पैशांपैकी निम्मे एका जुन्या सिंथवर गेले, तो आता कपाटावर आहे.

६. रेकॉर्डिंगची रात्र

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा असा ठेवा: २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्‌झ. एकदा निवडलं की सगळ्या चालींना तेच. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. लाल दिवा लागला की तो टेक फुकट.

माइक सॅक्सोफोनच्या तोंडात खुपसू नका. आवाज फक्त तोंडातून येत नाही, बोटांखालच्या छिद्रांतूनही येतो. तोंडापासून दीड फूट लांब, थोडा वर, किल्ल्यांकडे रोखलेला ठेवा. हवेची फुंकर आणि किल्ल्यांची हलकी टकटक येऊ द्या, लाउंजचा ओलावा त्यातच आहे.

उन्हाने फुंकवाद्य चढतं. हवा तापली की सूर वर सरकतो, आणि आमच्याकडे सप्टेंबरातही बंद खोलीत घाम फुटतो. दर अर्ध्या तासाला पेटीशी सूर मिळवा, गरज पडली तर मुखनळी किंचित बाहेर ओढायला सांगा.

हेडफोनमध्ये सारखी गुणगुण येत असेल तर ती ५० हर्ट्‌झची, विजेच्या जोडणीतली. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गेली तर दोष अर्थिंगचा, वायरमनला दाखवा. स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करूच नका. वीज गेली की चहा घ्या.

७. आकाशातले आवाज आणि त्यांचे हक्क

पोकळीत ध्वनी पोचत नाही. "अंतराळाचे आवाज" म्हणून जे मिळतं ते बहुतेक रेडिओ लहरी किंवा मोजमापं, ऐकू येतील अशा पट्टीत आणलेली. मंगळ वेगळा. तिथे विरळ का होईना हवा आहे आणि नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीच्या माइकने २०२१पासून तिथला खराखुरा वारा टिपलाय.

नासाच्या स्वतःच्या ध्वनिफितींवर आणि छायाचित्रांवर अमेरिकेत सहसा स्वामित्वहक्क नसतो, म्हणून त्या वापरता येतात. पण नासाचं बोधचिन्ह मुखपृष्ठावर लावायचं नाही, नासाचा पाठिंबा आहे असं भासवायचं नाही, आणि ओळखू येणाऱ्या अंतराळवीराचा आवाज विक्रीच्या कामात त्याच्या परवानगीशिवाय घ्यायचा नाही.

इस्रोचं तसं नाही. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरताना आपण सगळेच टीव्हीला चिकटलो होतो, आणि त्या क्षणाचा आवाज चालीत घालावा असं प्रत्येकाला वाटतं. आपल्या कायद्यात सरकारी कृतींवर स्वामित्वहक्क असतो, प्रकाशनापासून ६० वर्षं. लेखी परवानगी मागा नाहीतर सोडून द्या. नासाच्या व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या सुवर्ण तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. पण ती तबकडी अवकाशात गेली म्हणून तिच्यावरचं सगळं मोकळं झालं असं होत नाही. तुकडा कापून घेऊ नका.

मी शेवटी एकच उसना आवाज ठेवला, मंगळावरचा वारा, तोही अगदी मागे.

८. मिक्सिंग: घुमारा कोणाला द्यायचा

सगळ्यालाच घुमारा दिला की अंतराळ वाटत नाही, विहिरीत पडल्यासारखं वाटतं. बेस आणि ड्रम कोरडे, अगदी कानाजवळ ठेवा. सॅक्सोफोन मधे. फक्त पॅड आणि एखादा एकटा सूर लांब सोडा, चार-सहा सेकंद विरत जाणारा. मूळ सूर आणि घुमाऱ्याची सुरुवात यांत ४०-५० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं की सूर जवळ राहतो आणि भिंत लांब जाते. घुमाऱ्यातून २५० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका, गढूळपणा तिथेच साचतो. मग जिथे सॅक्सोफोन थांबतो तिथे काहीच भरू नका. मला तिथे घंटा, शिट्ट्या, चमचम भरायची खोड होती. एका रात्री सगळं पुसलं आणि चाल पहिल्यांदा मोठी वाटली.

शेवटची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास, सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या वर नको. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, रिक्षात आणि हेडफोनवर, तिन्हीकडे ऐका. मोबाइलवर बेस गायब होत असेल तर त्याला किंचित खरखर द्या, आवाज वाढवू नका.

९. कागदपत्रं

– पॅन, ओळखपत्र, स्वतःच्या नावाचं बँक खातं
– प्रत्येक वादकाशी लेखी करार: एकरकमी बिदागी की उत्पन्नात वाटा, नाव कसं छापायचं, सही, तारीख
– वापरलेल्या प्रत्येक उसन्या आवाजाचा स्रोत आणि अटी, छापून
– ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ
– वितरक (चाली स्पॉटिफायसारख्या सेवांवर चढवणारी कंपनी) अमेरिकी असेल तर डब्ल्यू-८बीईएन हा कराचा फॉर्म. न भरल्यास तिथल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापतात, भारत-अमेरिका कर-करारानुसार १५ टक्केच कापायला हवेत

स्वामित्वहक्क चाल रेकॉर्ड झाली की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर संगीतकृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० रुपये शुल्क आहे. प्रत्येक चालीला लागणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख) बहुतेक वितरक स्वतःच देतात, त्यासाठी कोणाला वेगळे पैसे देऊ नका. संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व मात्र घ्या.

मास्तरांशी करार करायला गेलो तर ते रागावले, "माझ्यावर भरोसा नाही का?" मी म्हटलं, हा कागद तुमच्यासाठी आहे, उद्या मी फिरलो तर. मग सही केली, वर एक प्रत लॅमिनेट करून मागितली.

१०. प्रसिद्ध करताना

तारखेच्या चार आठवडे आधी वितरकाकडे चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे चाल मांडायची तर किमान ७ दिवस आधी मांडावी लागते, आणि एकच चाल मांडता येते, तेव्हा ती आधी निवडून ठेवा. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी एकच. माझं एका ठिकाणी एक अक्षर जास्त पडलं आणि तीन महिने माझ्या चाली दोन वेगळ्या माणसांच्या नावावर वाजत होत्या.

चालीत कुठेही सर्वांना खुले असलेले आवाज किंवा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) असतील तर वितरकाच्या यादीतली यूट्यूब कंटेंट आयडीची (दुसऱ्यांच्या व्हिडिओंत आपला आवाज आपोआप शोधणारी यंत्रणा) खूण काढून टाका. नाहीतर तोच वारा वापरणाऱ्या दुसऱ्याच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा जातो, आणि भांडण तुमच्या दारात येतं.

"अमुक हजारात लाख वेळा वाजवून देतो" असे मेसेज दुसऱ्याच दिवशी येतील. ते नकली ऐकणं असतं, पकडलं की चाल काढून टाकतात आणि दंड वितरकाला होतो, जो तो तुमच्याकडून वसूल करतो. पैशांचं म्हणाल तर २०२४पासून स्पॉटिफायवर एखादी चाल बारा महिन्यांत १००० वेळा वाजली नाही तर तिचा एक पैसाही मिळत नाही. माझ्या आठांपैकी तीनच तिथवर पोचल्या.

उत्पन्न दुसरीकडून येतं. जळगाव-भुसावळकडच्या हॉटेलांना, दातांच्या दवाखान्यांना दिवसभर हळू वाजेल असं काहीतरी हवंच असतं. त्यांना पेन ड्राइव्ह आणि वाजवण्याचा परवाना द्या, वर्षाची रक्कम ठरवून. आयपीआरएसचं सदस्यत्व घेतलं असेल तर असा परवाना स्वतः देता येतो का ते आधी तुमच्या सदस्यत्वाच्या करारात वाचा. परवान्याच्या कागदावर चालींची नावं, जागेचा पत्ता आणि मुदत संपण्याची तारीख लिहायला विसरू नका. पहिल्या कागदावर मी तारीखच घातली नव्हती, ते हॉटेल अजून फुकटात वाजवतंय.